कचेरींतील विद्यार्थी

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येक श्रोत्यांच्या मनांत अशी शंका येईल कीं, ज्याचें शिक्षण पुरें झालें म्हणून त्यास नोकरी मिळाली, त्याच्या शिक्षणाची काळजी पुन्हां वाहण्याचें कारण काय? पदवी हातीं आली, पेढे वांटले गेले, नेमणुकीचें पत्र आलें; आतां विद्यार्थिदशा संपली व संसार सुरू झाला, असें आपण घरोघरीं समजत आलों आहों. वकिली, वैद्यकी, अध्यापन यांतहि मनुष्य जन्मभर शिकत असतो हें खरें. परंतु तेथें पुष्कळ वेळां जुन्या ज्ञानावर नव्याचा थर सावकाश चढतो. संगणकाच्या व तत्सम यंत्रविद्येच्या धंद्यांत मात्र कित्येकदां खालचा थरच काढून घेतला जातो, आणि वर उभ्या असलेल्या माणसास आपण अधांतरीं आहों हें उशिरानें कळतें.

पुण्यांत हिंजवडी-खराडीच्या बाजूस, मुंबईकडे ऐरोली-पवईस, किंवा घरापासून दूर बंगळूर-हैदराबादेस ज्यांचे मुलगे, मुली, सुना वा जावई नोकरीस आहेत, त्यांना ही गोष्ट फोड करून सांगण्याची गरज नाहीं. चाळिशी आलेला गृहस्थ, घराच्या कर्जाचे निम्मे हप्ते फिटलेले, मुलें शाळेंत. रात्रीं जेवणें आटोपून सर्वत्र निजानीज झाली कीं हा आपला संगणक उघडून पुन्हां बसतो. घरांतील मंडळी समजतात कीं तो कचेरीचें काम करीत आहे. कचेरी समजते कीं तो घरीं विश्रांति घेत आहे. वस्तुतः तो एखाद्या नव्या विद्येचे धडे गिरवीत असतो, आणि त्या तासांची नोंद कचेरीच्या वहींत नसते, तशी घराच्याहि वहींत नसते. तो वेळ कोणाचा? त्याचा खर्च कोणीं सोसावा? आणि अशा अर्धवट झोपेंत केलेल्या अभ्यासानें विद्या अंगीं लागते, कीं नुसता दाखला हातीं येतो?

हा प्रश्न हौसेचा राहिलेला नाहीं. २०२५ च्या जुलै महिन्यांत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या आपल्या देशांतील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीनें आपल्या नोकरवर्गापैकीं सुमारें २ टक्के, म्हणजे १२,००० हून कांहीं अधिक, माणसें कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. तीं मुख्यत्वें मधल्या व वरच्या पायरीवरचीं होतीं. त्यांच्या अंगचें कौशल्य व उपलब्ध असलेलें काम यांचा मेळ बसत नाहीं, असें त्याचें कारण सांगण्यांत आलें. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेविषयीं मला येथें कांहीं म्हणावयाचें नाहीं. परंतु 'मेळ बसत नाहीं' हें वाक्य एका दिवसांत खरें होत नसतें. तें खरें होण्यास आठ-दहा वर्षें लागतात, आणि त्या सबंध काळांत तो मनुष्य रोज वेळेवर कामावर येत असतो, कोणीतरी त्याचें काम पसंत करीत असतो, आणि वर्षाअखेर त्याचा पगारहि वाढत असतो. मेळ सुटत चालला आहे हें पाहण्याचें काम कोणाचें होतें?

नव्याचे नऊ दिवस ही म्हण येथें चांगली लागू पडते. कॉलेजांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या शिक्षणावर आमच्या मोठ्या कंपन्या सढळ हातानें खर्च करीत आल्या आहेत. १९८१ सालीं पुण्यांत अवघ्या १०,००० रुपयांच्या भांडवलावर जन्मास आलेल्या इन्फोसिस कंपनीनें पुढें म्हैसुरास जें शिक्षणकेंद्र उभारलें, तें एखाद्या विद्यापीठास शोभावें असें आहे. हजारों तरुणांच्या राहण्याची, जेवणाखाण्याची, अभ्यासाची व खेळांची तेथें सोय आहे. आणि आरंभीचे कांहीं महिने अभ्यास हेंच काम व अभ्यासाचाच पगार. ही पद्धति नांवाजण्यासारखी आहे यांत शंका नाहीं. ज्या मुलानें कॉलेजांत यंत्रशास्त्र किंवा स्थापत्य घेतलें होतें, त्यास संगणकाच्या धंद्यांत उभें करण्याचें काम या वर्गांनींच केलें.

पण तोच मुलगा दहा वर्षांनीं पाहावा. तो आतां 'अनुभवी' ठरलेला असतो, आणि सेवा पुरविणाऱ्या कंपनींत अनुभवी माणसाचा प्रत्येक तास गिऱ्हाइकाच्या बिलांत धरलेला असतो. शिकण्यांत घालविलेला तास कोणाच्याच बिलांत धरतां येत नाहीं. म्हणून तो आधीं कापला जातो. ज्यास तूर्त कोणतेंच काम लावून दिलेलें नाहीं, तो 'बेंचवर' आहे असें या धंद्यांत म्हणतात. शाळेंत बाकावर बसणें हें विद्यार्थ्याचें स्वाभाविक स्थान. येथें तेंच बेकारीच्या उंबरठ्याचें नांव होऊन बसलें आहे! मग बेंचवर बसून मन लावून शिकावें असें कोणास वाटेल? प्रत्येकाची धडपड असते ती बाकावरून लवकर उठण्याची.

कंपन्यांना हें कळत नाहीं असें नव्हे. त्यांनीं उपायहि योजिले आहेत. ऑनलाइन अभ्यासक्रमांचीं भांडारें नोकरांस खुलीं करून दिलीं आहेत, वर्षाकाठीं प्रत्येकानें अमुक तास शिकलेंच पाहिजे असा नेम घातला आहे, आणि किती जणांनीं किती दाखले मिळविले याचे आंकडे मोठ्या अभिमानानें छापले जातात. या आंकड्यांची मला धास्ती वाटते. कारण आंकडा पुरा करणें ही कलाच वेगळी. पडद्याच्या एका कोपऱ्यांत व्याख्यान दुप्पट वेगानें सोडून द्यावें, दुसऱ्या कोपऱ्यांत रोजचें काम चालूं ठेवावें, आणि शेवटीं चार उत्तरांपैकीं एकावर खूण करावयाची परीक्षा दोन प्रयत्नांत उरकावी, हें करणारा मनुष्य आळशी असतो असें नाहीं. त्यास काम व अभ्यास हीं दोन्ही एकाच घटकेस करण्यास सांगितलेलें असतें, म्हणून तो तसें करतो.

याच्या उलट असलेलें एक जुनें उदाहरण मला जरा विस्तारानें सांगावयाचें आहे. आणि त्याचा संबंध ज्या यंत्रावर आपण पुष्कळांनीं लहानपणीं अशींच भाषणें ऐकलीं, त्या यंत्राशीं आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर १९४६ सालीं, बाँबवर्षावानें उध्वस्त झालेल्या टोकियोंत मासारू इबुका व आकिओ मोरिता यांनीं एक लहानशी कंपनी काढली. पुढें ती सोनी या नांवानें जगास माहीत झाली. प्रारंभींचीं कांहीं वर्षें टेपरेकॉर्डर सिद्ध करण्यांत गेलीं, आणि त्यासाठीं कंपनीनें शास्त्रविषय शिकलेलीं पुष्कळ तरुण माणसें जमविलीं. टेपरेकॉर्डर साधला. आतां या बुद्धिवान् माणसांना पुढें कोणतें काम द्यावें, अशी चिंता इबुकांना पडली. १९५२ सालीं ते अमेरिकेस गेले असतां त्यांच्या कानीं आलें कीं, बेल प्रयोगशाळेंत १९४७ सालीं शोधून काढलेल्या ट्रान्झिस्टरचे हक्क वेस्टर्न इलेक्ट्रिक ही कंपनी २५,००० डॉलर घेऊन इतरांस देणार आहे. बाजारांत काय खपेल, हा प्रश्न प्रत्येक कारखानदार विचारतोच. माझ्या माणसांच्या बुद्धीस पुरेसें अवघड असें काय आहे, हा प्रश्न त्याच्या जोडीला विचारणारे थोडे. इबुका त्या थोड्यांपैकीं होते.

हक्क मिळाला म्हणून कृति अवगत झाली असें होत नाहीं. बेल प्रयोगशाळेनें १९५२ सालीं हक्क घेणाऱ्या कंपन्यांच्या माणसांसाठीं मुद्दाम वर्ग भरविला होता, आणि त्यांतून निघालेल्या ग्रंथांस लोक विनोदानें 'बेल-मातोश्रींचें पाकपुस्तक' म्हणत. टोकियोच्या मंडळींच्या हातीं ट्रान्झिस्टरविद्येवरील हें पुस्तक आलें होतें. पण पाकपुस्तक वाचून पुरणपोळी साधत नाहीं, हें आपल्या गृहिणींना कोणी सांगावयास नको. परकीय चलन बाहेर जाऊं देण्यास जपानी सरकार कांकूं करीत होतें, त्यांतहि बरेच दिवस गेले. अखेर १९५४ च्या आरंभीं इबुका आणि काझुओ इवामा हे दोघे अमेरिकेस गेले. इवामा हे मूळचे भूकंपाचा अभ्यास केलेले गृहस्थ; ट्रान्झिस्टरचें शास्त्र त्यांना नवें होतें. ते मोरितांचे मेहुणेहि होत. मेहुण्याची नेमणूक एवढी कारणीं लागल्याचीं उदाहरणें धंद्याच्या इतिहासांत फार नसावींत.

इवामा कांहीं महिने तेथें राहिले. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यांतून हिंडण्यास व प्रश्न विचारण्यास त्यांना मोकळीक होती. छायाचित्रें घेण्यास मात्र मनाई होती. तेव्हां दिवसां पाहिलें तें डोळ्यांत सांठवावें, रात्रीं हॉटेलच्या खोलींत बसून पत्रांत उतरवावें, जागोजागीं आकृत्या काढाव्या आणि तीं पत्रें टोकियोस धाडावीं, असा क्रम त्यांनीं ठेविला. 'इवामा अहवाल' या नांवानें हीं पत्रें त्या कंपनीच्या इतिहासांत प्रसिद्ध आहेत. इकडे टोकियोंत पत्र येऊन पोंचलें कीं तरुण अभियंते त्यावर तुटून पडत. एका बाजूस तें पाकपुस्तक, दुसऱ्या बाजूस पत्र, आणि लागणारीं उपकरणें बव्हंशीं स्वतःच बनवावयाचीं. इवामा मायदेशीं परत येण्यापूर्वींच या मंडळींच्या हातून चालणारा ट्रान्झिस्टर तयार झाला. १९५५ च्या ऑगस्टांत टी.आर.-५५ हा जपानचा पहिला ट्रान्झिस्टर-रेडिओ बाजारांत आला. जगांतील पहिला तो नव्हे. तो मान १९५४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या रीजन्सी रेडिओकडे जातो.

या हकीकतींत शिक्षणाचा तास कोणता आणि कामाचा तास कोणता, हें कोणास वेगळें करून दाखवितां येईल काय? इवामाहि रात्रींच जागत होते, असा आक्षेप कोणी घेईल, व तो खोटा नाहीं. त्या काळच्या जपानी नोकरवर्गानें उपसलेल्या कष्टांचें अनुकरण करावें असें मी मुळींच सुचवीत नाहीं. परंतु इवामांचें प्रत्येक पत्र पोंचतांच तें कामास लावणारीं माणसें दुसऱ्या टोंकास बसलेलीं होतीं. आपल्या हिंजवडीच्या गृहस्थाची अडचण नेमकी येथें आहे. तो रात्रीं जें शिकतो, त्याचा सकाळच्या कामाशीं कांहीं संबंध नसतो. सकाळीं त्यास तेंच दहा वर्षांचें जुनें काम करावयाचें असतें. आणि न वापरलेली विद्या तीन-चार महिन्यांत विसरते, मग तिचा दाखला भिंतीवर लावा कीं पेटींत ठेवा.

त्याच कंपनींतील आणखी एक गोष्ट सांगून मी पुढें जातों. १९५७ च्या सुमारास तेथें कांहीं ट्रान्झिस्टर बिघडलेले निघत. तो माल टाकून देऊन प्रकरण मिटवितां आलें असतें. लिओ एसाकी या तरुण शास्त्रज्ञास तो कां बिघडतो हें पाहण्यास वेळ मिळाला, आणि त्या तपासांतूनच अर्धवाहकांतील ज्या अपूर्व वर्तनाचा त्यांना शोध लागला, त्याबद्दल १९७३ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. प्रत्येक बिघाडाच्या पोटीं नोबेल पारितोषिक नसतें हें उघड आहे. तथापि बिघाडाकडे पाहण्याची सवड हीच पुष्कळदां शिक्षणाची खरी सवड असते. गूगलच्या अभियंत्यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथांत, मोठा बिघाड निस्तरल्यावर कोण चुकला हें न धुंडाळतां काय व कसें घडलें हें लिहून काढावें व तें सर्वांस वाचावयास द्यावें, ही आपली रीत सविस्तर वर्णिली आहे. जेथें चूक लपवावी लागते तेथें ती एकट्यास शिकविते, आणि जेथें ती उघडपणें मांडतां येते तेथें साऱ्या खात्यास शिकविते.

आतां दुसरें उदाहरण घेऊं. तें शास्त्रज्ञांचें नाहीं, साध्या दुरुस्ती-कामगारांचें आहे, म्हणून मला तें अधिक मोलाचें वाटतें. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञानें अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. त्याचा ग्रंथ १९९६ सालीं निघाला. या शास्त्राचे अभ्यासक एरवीं दूरदूरच्या जमातींत जाऊन राहतात. हा गृहस्थ नकला काढणारीं यंत्रें दुरुस्त करणाऱ्यांबरोबर गिऱ्हाइकांच्या कचेऱ्यांतून हिंडला व त्यांच्या पंगतीस जेवला. कंपनीनें प्रत्येकाच्या हातीं जाडजूड माहितीपुस्तक दिलें होतें: यंत्रानें अमुक आंकडा दाखविला तर अमुक भाग पाहा, तो ठीक असल्यास तमुक पाहा. कंपनीच्या मतें दुरुस्ती म्हणजे या पुस्तकाची अंमलबजावणी. प्रत्यक्षांत यंत्र दाखवी तो आंकडा कधींकधीं साफ चुकीच्या भागाकडे बोट करी. मग दोघे कामगार यंत्राजवळ बसून एकमेकांस हकीकती सांगूं लागत: मागें अमक्या कचेरींतील यंत्र असेंच हट्टास पेटलें होतें, तेव्हां अखेर अमुक निघालें. एकाची गोष्ट संपली कीं दुसऱ्यास आपली आठवे. आणि अशा गोष्टींतून बिघाडाचें मूळ हळूहळू उकलत येई. न्याहारीस किंवा जेवणास जमले कीं त्यांच्या गप्पांचा विषयहि हाच. वरून पाहणाऱ्या अधिकाऱ्यास तो रिकामटेकडेपणा वाटावा. ऑरनें दाखवून दिलें तें असें कीं, त्या धंद्याची पाठशाळा तीच होती.

झेरॉक्स कंपनीनें पुढें शहाणपण केलें. या माणसांनीं आपल्या युक्त्या लिहून एके ठिकाणीं जमा कराव्या, जाणत्यांनीं त्या पारखाव्या आणि मग त्या सर्वांस मिळाव्या अशी योजना तिनें १९९० नंतरच्या दशकांत आंखली. तिचा आरंभ फ्रान्समध्यें झाला व तिचें नांव 'यूरेका' असें होतें. प्रत्येक युक्तीबरोबर ती सुचविणाऱ्याचें नांव जाई. या शेवटच्या गोष्टीकडे मी विशेष लक्ष वेधूं इच्छितों. आमच्या गायकांच्या घराण्यांत अमुक बंदिश कोणाकडून मिळाली हें सांगतांना शिष्याचा हात आपोआप कानाकडे जातो. कंपनींत मात्र शिकविणाऱ्याचें नांव कोठेंच लागत नाहीं. वर्षाअखेरच्या मूल्यमापनांत आपण किती काम उरकलें तें विचारतात. आपल्या शेजारच्या चौघांना आपण उरकण्यास लायक केलें काय, हें विचारीत नाहींत. परिणाम असा होतो कीं, ज्या वडीलधाऱ्या माणसाकडे सर्वजण शंका घेऊन जातात त्याचें स्वतःचें काम मागें पडतें, आणि बढती मिळते ती कानांत यंत्र घालून कोणाकडे न बघणाऱ्यास! शिक्षणास उत्तेजन देण्याचा सर्वांत स्वस्त उपाय मला कोणी विचारला तर मी म्हणेन कीं, नव्या अभ्यासक्रमांची खरेदी वर्षभर थांबवा, आणि समजावून सांगणाऱ्या माणसाचा आठवड्यांतील अर्धा दिवस हिशेबांत धरा.

वाचन-मंडळाचेंहि तसेंच आहे. बेल प्रयोगशाळेंत १९३० नंतरच्या दशकांत शॉक्ले, ब्रॅटन वगैरे तरुण मंडळी नियमानें एकत्र बसून भौतिकशास्त्रांतील नवे ग्रंथ वाचीत व एकमेकांस समजावून देत. ट्रान्झिस्टर निघाला तो पुढें दहा वर्षांनीं. १९४८ सालीं तर मर्विन केली यांनीं नव्या अभियंत्यांसाठीं त्या प्रयोगशाळेंतच वरच्या दर्जाचा अभ्यासक्रम सुरू केला. लोक त्यास 'केली कॉलेज' म्हणत. अर्थात् बेलची गोष्ट वेगळी. टेलिफोनच्या मक्तेदारीचा पैसा पाठीशीं असलेल्या संस्थेस जें परवडे तें सर्वांस परवडेल असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. पण आठवड्यांतून एक तास, चार माणसें व एक पुस्तक, एवढें कोणत्या कंपनीस परवडत नाहीं?

हल्लीं या प्रश्नास एक नवें अंग फुटलें आहे. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅट-जीपीटी लोकांपुढें आलें, आणि तेव्हांपासून लहानसहान प्रोग्रॅम लिहिणें, जुन्यांतील चुका हुडकणें, चांचण्या तयार करणें हीं कामें कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें अधिकाधिक करूं लागलीं आहेत. हीं साधनें वापरावींत कीं नाहीं हा वाद मला निरर्थक वाटतो. तीं वापरलीं जाणारच. चिंतेची बाजू निराळी आहे. आमच्याकडे उमेदवारी हा जुना व अर्थपूर्ण शब्द आहे. सोनाराच्या दुकानांत पोर आधीं भट्टी फुंकी, मग तार ओढी, आणि पुष्कळ वर्षांनीं त्याच्या हातीं खडा बसविण्याचें काम येई. संगणकाच्या धंद्यांतील भट्टी फुंकणें म्हणजे हींच लहानसहान कामें. त्यांत वेळ जात असे, चुका होत असत, आणि त्या चुकांतून नव्या माणसास जुन्या प्रोग्रॅमची नस सांपडत असे. तीं कामें यंत्राकडे गेलीं तर कंपनीचे तास वांचतील. परंतु दहा वर्षांनीं यंत्रानें लिहिलेलें बरोबर कीं चूक हें पारखणारा जाणता कोठून आणावयाचा?

यावर उपाय नाहीं असें नाहीं, पण तो मुद्दाम करावा लागेल. एकानें लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यानें तपासल्यावांचून पुढें जाऊं द्यावयाचा नाहीं, ही चाल चांगल्या कंपन्यांत पूर्वींपासून आहे. ती बहुधा चुका पकडण्यासाठीं म्हणून चालते. तिचें रूपांतर पाठशाळेंत करतां येईल. नवख्यानें कांहीं कामें आधीं स्वतःच्या हातानें करावीं, मग यंत्राचें उत्तर शेजारीं ठेवावें, आणि दोहोंतील भेद वडील सहकाऱ्यास समजावून सांगावा. या रीतीनें काम सावकाश होईल हें मला ठाऊक आहे. तो सावकाशपणा कोणाच्या बिलांत धरावयाचा, या जुन्याच प्रश्नापाशीं आपण पुन्हां येतों, आणि माझें उत्तर असें कीं तो कंपनीनें सोसावा. कारखान्याच्या यंत्रास तेलपाणी करण्यासाठीं तें घटकाभर बंद ठेवावें लागतें, त्याचा खर्च कोणी यंत्राकडून वसूल करीत नाहीं.

येथें कंपनीचा चालक म्हणेल, 'आम्हीं शिकवावें आणि यानें चार पैसे अधिक मिळतांच शेजारच्या इमारतींत जावें, हा कोठला न्याय?' ही भीति खरी आहे. तिची थट्टा करणें योग्य होणार नाहीं. शिकविण्यापूर्वीं करार लिहून घेण्याची पद्धति त्यांतूनच निघाली. २०२५ च्या मे महिन्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें एका सरकारी बँकेच्या प्रकरणांत, तीन वर्षांच्या आंत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरविली. बँकेस पुन्हां भरतीचा जो खर्च सोसावा लागतो तो न्यायालयानें लक्षांत घेतला. कायद्याचें म्हणणें कायद्याच्या जागीं आहे. परंतु जेथें शिकलेलें वापरावयास मिळतें तेथून माणसें सहज उठत नाहींत, असें या धंद्यांतल्या कोणाहि जाणत्यास विचारून पाहावें. अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठानें १९५४ सालीं आसपासच्या कंपन्यांतील अभियंत्यांना नोकरी सांभाळून पदव्युत्तर अभ्यास करण्याची वाट मोकळी केली, आणि कंपन्या त्याचा खर्च सोसूं लागल्या. त्यांतील कांहीं माणसें सोडून गेलींच असतील. पण तीं जेथें गेलीं तेथून दुसरीं शिकलेलीं माणसें इकडेहि आलीं, आणि त्या सबंध खोऱ्याचा धंदा वाढला. आपल्याकडेहि पिलानीच्या संस्थेनें १९७९ पासून नोकरी करणाऱ्यांसाठीं असे अभ्यासक्रम चालविले आहेत.

करारापेक्षां मला अधिक बोचणारी गोष्ट घरांतील आहे. 'ज्यास पुढें यावयाचें आहे तो आपल्या वेळांत शिकेल' असें म्हणणारा अधिकारी समजतो कीं संध्याकाळ ही सर्वांस सारखीच मिळालेली आहे. ती तशी नाहीं. एकाच कंपनींत, एकाच पायरीवर असलेलीं नवराबायको सात वाजतां घरीं येतात. एकाच्या वांट्यास संध्याकाळ येते, आणि दुसरीच्या वांट्यास कणीक, मुलांचा अभ्यास व सासूबाईंचें औषध येतें. बाळंतपणाची रजा संपवून परत आलेल्या बाईस तर सहा महिन्यांत कामाची भाषा थोडी बदललेली आढळते, आणि ती भरून काढण्यास तिच्याजवळ रात्रहि नसते. शिक्षण कचेरीच्या वेळाबाहेर ढकलणें म्हणजे या बायकांना न सांगतां मागें ठेवणें होय. यांतील अर्धा दोष कंपनीचा. उरलेल्या अर्ध्याचें काय करावयाचें तें जेवणाच्या टेबलाभोंवतीं बसलेल्या आपण सर्वांनीं ठरवावयाचें आहे, आणि सुरुवात कणकेपासून करण्यास हरकत नाहीं.

आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी नवी नोकरी पाहूं लागली कीं आपण पगार विचारतों, गाडी न्यावयास येते काय विचारतों, परदेशीं पाठवितात काय तेंहि विचारतों. त्यांत आणखी दोन-तीन प्रश्नांची भर घालावी. तेथें अडलें तर विचारावयाचें कोणाला, आणि त्या माणसास उत्तर देण्यास सवड असते काय? गेल्या वर्षीं त्या खात्यांतील एखाद्यानें जें नवें शिकलें, तें त्यास कोणत्या कामांत वापरावयास मिळालें? आणि पंधरा वर्षें काम केलेलीं माणसें तेथें अद्यापि कांहीं शिकत आहेत काय, कीं नुसतीं शिकलेल्यांवर देखरेख करीत आहेत? मुलाखतीच्या शेवटीं उमेदवारास 'तुम्हांला कांहीं विचारावयाचें आहे काय?' असें बहुतेक ठिकाणीं विचारतात. त्या वेळीं हे प्रश्न विचारण्यास कांहींच हरकत नाहीं. ज्यांना नोकरींत बरींच वर्षें झालीं आहेत त्यांनीं ते वर्षाअखेरच्या बैठकींत आपल्या वरिष्ठास विचारावे, आणि त्याचें उत्तर घरीं आल्यावर लिहून ठेवावें, म्हणजे पुढच्या वर्षीं त्याच तारखेस तें पुन्हां काढून पाहतां येईल.